सीताबर्डी ते शेगाव, पायांजवळ बसून

गेली १९ वर्षं मी नागपुरात एका खासगी दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करते. जखम धुणं, पू काढणं, पट्टी बांधणं. पेशंट खुर्चीवर आणि मी खाली स्टुलावर, असा माझा दिवस जातो. आमच्या वस्तीतून दरवर्षी माघात शेगावला पायी दिंडी जाते. आदल्या वर्षी पाय फुटले म्हणून तिघांना अर्ध्या वाटेवरून एसटीत बसवून परत पाठवावं लागलं होतं. "सिस्टर, औंदा तुम्ही चलाच न जी," असं दिंडीप्रमुख म्हणाले, आणि मी हो म्हटलं. माझ्याही मनात पुष्कळ वर्षांपासून होतंच. कोणीतरी बोलवायचीच वाट होती.

माघ वद्य सप्तमी हा गजानन महाराजांचा प्रगटदिन. १८७८ साली त्या दिवशी, २३ फेब्रुवारीला, ते शेगावात पहिल्यांदा लोकांच्या दृष्टीस पडले. आम्हाला आदल्या संध्याकाळी पोहोचायचं होतं. साधारण ३०० किलोमीटर, १३ दिवस, आम्ही ६२ जण. त्यात ३८ बायका.

निघण्याच्या महिनाभर आधी मी देवळाच्या अंगणात सगळ्यांना बसवलं आणि एकच विषय घेतला, पाय. नवे बूट घेऊन निघू नका. घ्यायचेच असतील तर आज घ्या आणि रोज दोन तास घालून फुटाळा तलावापर्यंत चाला. नखं निघायच्या आठवडाभर आधी कापा, सरळ कापा, कोपऱ्यात कोरू नका. मोजे सुती पातळ आणि वर जाड, असे दोन घाला, म्हणजे घासायचं ते मोज्याला मोजा घासेल, कातडीला नाही. पहाटे निघताना टाचेला आणि बोटांच्या मध्ये व्हॅसलीन लावा. ज्यांना शुगर आहे त्यांनी मला येऊन सांगा, लपवू नका. पाचजण येऊन सांगून गेले. सहावे आले नाहीत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

पहाटे चार वाजता झिरो माइलच्या दगडापाशी आरती झाली. थंडी चांगलीच होती. सीताबर्डीतून निघताना दिंडीप्रमुखांनी पोथीतली गोष्ट सांगितली. इथल्या गोपाळ बुटींनी महाराजांना आपल्या वाड्यात आणून ठेवलं होतं, परत जाऊ देईनात. रोज पंगती उठायच्या, पण शेगाव सुनं पडलं होतं. मग हरी पाटील गाडीत बसून नागपूरला आले आणि महाराजांना घेऊन गेले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली, पण ज्या रस्त्यावर घडली तिथं उभं राहून पायात बूट बांधताना ऐकली की अंगावर काटा येतो. आपल्या गावातून ते परत गेले, त्याच दिशेनं आपण निघालो आहोत, असं वाटलं.

व्हरायटी चौक, रविनगर, विद्यापीठाचा परिसर, वाडी. उजाडलं तेव्हा अमरावती रोड सुरू झाला होता. वाडीला एका मंडळाने तर्री पोहे आणि चहा ठेवला होता. पहिल्या दिवशी सगळे फार जोरात चालतात. गप्पा, भजनं, फोटो. मी दोनतीनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. गोंडखैरीच्या मुक्कामी संध्याकाळी मी टेम्पोतून माझी पत्र्याची पेटी काढली, सतरंजी टाकली आणि बसले. अर्ध्या तासात समोर रांग.

पहिला आला तो झेंडा घेऊन पुढे चालणारा पोरगा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, बावीस-तेवीस वर्षांचा. बूट नवे कोरे. दोन्ही टाचांना लिंबाएवढे फोड. फोड कसा येतो ते मी त्याला सांगितलं, कारण समजलं की माणूस ऐकतो. घामाने कातडी मऊ होते, बूट एकाच जागी घासत राहतो, वरची कातडी खालच्या कातडीपासून सुटते आणि मध्ये पाणी भरतं. लहान असला तर हात लावायचा नाही. मोठा आणि ठणकणारा असला तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढायचं, पण वरची कातडी कापायची नाही. तीच खरी पट्टी. दिंडीत जुने लोक सुईदोरा आरपार ओवून दोरा आतच ठेवतात, पाणी झिरपत राहावं म्हणून. त्या दोऱ्यावरून घाण आत जाते. तिघांच्या पायातले दोरे मी काढायला लावले. पोरगा दुसऱ्या दिवसापासून सँडल घालून चालला आणि रोज रात्री माझ्या बाजूला बसून बॅटरी धरू लागला.

रांगेत शेवटी एक आजी होत्या. घाटंजीकडच्या खेड्यातल्या, आता हुडकेश्वरला लेकीकडे राहतात. पायात रबरी स्लीपर. टाचांना अशा भेगा, की उन्हाळ्यातलं काळं रान आठवावं. एका भेगेतून रक्त येत होतं. मी पाय हातात घ्यायला गेले तर त्यांनी झटकन मागे ओढला.

"माह्या पायाले हात नको लावू माय. पाप लागते मले."

मी म्हटलं, आजी, माझं कामच आहे हे. तर म्हणाल्या, "दवाखान्यात असंल. अठी तू वारकरी हायेस."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पट्टी आणि मलम त्यांच्या हातात दिलं, त्यांनी स्वतः लावलं. पुढचे कित्येक दिवस हेच चाललं. दिंडीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात, भेटले की वाकून पाया पडतात. आजीही पडायच्या, माझ्यासुद्धा. फक्त स्वतःचे पाय द्यायच्या नाहीत.

दुसरा मुक्काम कोंढाळी. संत्र्याचा पट्टा इथून सुरू होतो. मृग बहाराची फळं झाडावर होती आणि एका बागेच्या मालकाने टोपली रस्त्याच्या कडेला आणून ठेवली, घ्या म्हणाला. पुढे कारंजा घाडगेपर्यंत जंगल आणि चढउतार. बोरचा व्याघ्रप्रकल्प जवळ असल्यामुळे त्या दिवशी उजाडल्यावरच निघालो आणि कोणालाही मागे सुटू दिलं नाही. हायवेवर आम्ही नेहमी उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालायचो. पुढे आणि मागे लाल झेंडी, पहाटे अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या. ट्रकवाले हॉर्न वाजवून हात जोडायचे. कित्येकांच्या काचेवर महाराजांचा फोटो.

चौथ्या दिवशी तळेगावला शुगरवाले सहावे गृहस्थ सापडले. रेल्वेतून निवृत्त झालेले काका, सगळ्यात शिस्तीत चालणारे, कधी रांगेत न आलेले. पोराने मला खुणावलं, काकांच्या मोज्याला डाग आहे. मी बळेच बूट काढायला लावला. बुटातून हरभऱ्याएवढा खडा पडला. तळव्याला रुपयाएवढी जखम. दिवसभर तो खडा पायाखाली होता आणि काकांना पत्ता नव्हता. शुगरने पायातल्या नसा बधिर होतात. दुखत नाही हीच धोक्याची खूण असते. असे पाय मी दवाखान्यात पाहिले आहेत, आधी बोट जातं, मग अर्धा पाऊल. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, उद्यापासून टेम्पोत.

काका फार चिडले. "मी महाराजांना शब्द दिलाय. तुम्ही कोण थांबवणार?" मीही आवाज चढवला. दिंडीप्रमुख मध्ये पडले. काका टेम्पोत बसले, पण माझ्याशी बोलणं बंद. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता. पण जखमेचा रंग मी पाहिला होता.

पाचव्या दिवशी वर्धा नदी ओलांडली. पुलावर बायका थांबल्या. खालच्या अंगाला, याच नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. नदीत नाणं टाकताना आजी कोणाला तरी सांगत होत्या, "पंढरपूर तिचं सासर. माहेर आपल्या वऱ्हाडातलं." आणि मग पुलापासून तिवस्यापर्यंत बायकांत माहेराशिवाय दुसरा विषय नव्हता. कोणाचं माहेर धरणात गेलं, कोणाचं भावांनी वाटून घेतलं, कोणी पंधरा वर्षांत गेलीच नाही. या गप्पा बसून होत नाहीत. शेजारी शेजारी चालताना, एकमेकींच्या तोंडाकडे न पाहता होतात. मीही माझं बरंच काही बोलून गेले. कोणापाशी बोलले त्या बाईचं नाव आजही मला ठाऊक नाही.

संध्याकाळी मोझरी, गुरुकुंज आश्रम. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली हा आश्रम उभा केला आणि १९६८ साली देह ठेवला. त्यांची समाधी इथेच. पहिल्या पहाटे आम्ही नागपूरच्या ज्या विद्यापीठावरून गेलो त्याला त्यांचंच नाव आहे, आणि अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं. शाळा फारशी न शिकलेल्या दोन संतांची नावं विदर्भाने आपल्या विद्यापीठांना दिली, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. सामुदायिक प्रार्थनेला बसलो. शेकडो माणसं, पण पाय हलवल्याचा आवाज नाही. माझ्या शेजारी काका येऊन बसले. बोलले नाहीत. पण प्रार्थना संपल्यावर ते पाय पुढे करून तसेच बसून राहिले, मी पेटी आणली आणि जखम धुतली. कडा गुलाबी होत्या. बरं चाललं होतं.

नांदगाव पेठ, अमरावती, अंबादेवी, बडनेरा. हे दोन दिवस गर्दीत आणि ट्रॅफिकमध्ये गेले, फार काही सांगण्यासारखं नाही. एवढंच की अमरावतीत एका कुटुंबाने आम्हा सगळ्यांना रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण जेवू घातलं आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंनी प्रत्येकाच्या पायावर पाणी घातलं. ६२ जणांच्या. आमच्या आजी त्या ओळीतून हळूच निसटल्या.

बडनेऱ्यानंतर चालणं खरं अवघड झालं. अमरावती-अकोला रस्ता रुंद, गुळगुळीत, सावली नाही. २०२२ च्या जूनमध्ये याच पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरलं गेलं, गिनीज बुकात त्याची नोंद आहे. गाडीतून जाताना तो रस्ता सुखाचा. पायी माणसाला मात्र सकाळी दहापासून खालून भाजतो. आम्ही पहाटे साडेतीनला निघून अकराच्या आत थांबू लागलो. एका लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं बाटल्या भरभरून सगळ्यांना पाजत होते. माझं स्वतःचं मात्र कोणी पाहत नव्हतं, आणि मीही नाही. डाव्या अंगठ्याचं नख आठव्या दिवशी काळंनिळं झालं. रात्री रांग आटोपेपर्यंत दहा वाजायचे, मग बूट काढायचे, मोजा तसाच ठेवायचा आणि झोपायचं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका शेतातल्या घरी दुपारी थांबलो होतो. हा खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावतीपासून बुलढाण्यापर्यंत जमिनीखालचं पाणी खारं आहे. साबणाला फेस येत नाही, भाजी शिजत नाही, पिकाला दिलं तर जमीन बिघडते. मी नळकूपाचं पाणी भांड्यात घेऊन एका बाईची जखम धुवायला बसले तर घरधनीण धावत आली.

"हे नको लावू वं माय, खारं हाय. झोंबन तिले."

आणि आतून पितळी गुंड घेऊन आली. गोडं पाणी. तिच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही तासभर. त्यातलं साठवलेलं. मी म्हटलं, ताई, आमच्याकडे टेम्पोत कॅन आहेत. तिने ऐकलंच नाही. जखमा धुवून झाल्यावर उरलेलं पाणी मी परत देऊ लागले, तर ते तिने आमच्या बाटल्यांत ओतलं. तिचा मुलगा दारात उभा राहून गुंडाकडे पाहत होता. ते पाणी मी प्याले. नको म्हणता आलं नाही, आणि घोट घशाखाली उतरायला वेळ लागला.

त्या रात्री मूर्तिजापूरला माझा पाय मला टेकवेना. रांग संपली, पोरगा बॅटरी विझवून झोपायला गेला. मी भिंतीला टेकून बूट काढत होते, तेवढ्यात आजी स्वयंपाक्याकडून कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आल्या आणि समोर बसल्या. काही न बोलता माझा मोजा काढू लागल्या. मी पाय ओढून घेतला.

"आता तू काऊन वढतं?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आजी, तुम्ही माझ्या आईपेक्षा मोठ्या.

"सकाळपासून लंगडून रायली तू. मी काय आंधळी हाओ? ठेव पाय."

मी ठेवला. त्यांनी पाय कोमट पाण्यात धुतला, पदराने टिपला. मग गाठोड्यातून काशाची वाटी काढली, तळव्याला तूप लावलं आणि त्या वाटीने घासू लागल्या. गोल गोल, अजिबात घाई न करता. कापूस लावता-वेचता खरबरीत झालेले हात. १९ वर्षांत कोणाचाही हात माझ्या पायाला असा लागला नव्हता. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. आजी तळवा काळा झाला ते दाखवत म्हणाल्या, "पाह्य, किती तापला होता." मग दुसरा पाय घेतला. मग स्वतःचे दोन्ही पाय पुढे करून बसल्या. "घे आता. लाव तुहं मलम."

त्या भेगा मी रात्री अकरा वाजता साफ केल्या. मेलेली कातडी हलक्या हाताने काढली, रक्त येणारी भेग धुवून जोडून पट्टी लावली. त्यानंतर शेगावपर्यंत आजी रांगेत पहिल्या यायच्या.

कुरणखेडला काटेपूर्णा, मग बोरगाव मंजू, मग अकोला. अकोल्यापासून रस्ता आमचा एकट्यांचा राहिला नाही. गायगावच्या बाजूला वळलो तर मागे-पुढे जिकडेतिकडे दिंड्या, पताका, एकटेदुकटे, कडेवर मूल घेतलेल्या बाया. दर अर्ध्या किलोमीटरवर कोणी चहा देतंय, कोणी केळी, कोणी पायाला तेल लावून देतंय. तिथं रस्त्याकडेला ड्रेसिंगची टेबलं मांडून डॉक्टर आणि नर्स बसल्या होत्या. एकीने मला पेटीसकट पाहिलं, हसली, आणि तिच्याकडचे कापसाचे दोन रोल माझ्या पेटीत टाकले.

शेवटच्या सकाळी रेल्वेवाले काका माझ्यापुढे येऊन उभे राहिले. बूट काढून पाय दाखवला. जखम भरत आली होती, पण भरली नव्हती. "सिस्टर, शेवटचा एक किलोमीटर. तुम्ही नाही म्हटलं तर नाही." मी दुहेरी गॉज लावला, जखमेच्या जागी भार येऊ नये म्हणून फोम कापून भोवती गोल ठेवला, दोन मोजे चढवले. शेगावात शिरताना ते पोराच्या खांद्यावर हात ठेवून चालले. कळस दिसला तशी सगळी दिंडी थांबली. टाळ थांबले. कोणीतरी "गण गण गणात बोते" म्हटलं आणि मग आवाज सगळ्यांचाच झाला.

दर्शनाच्या रांगेत साडेसहा तास गेले. पांढऱ्या कपड्यातले सेवेकरी हात जोडून "पुढं चला माउली" म्हणतात, कोणावर ओरडत नाहीत, आणि एवढ्या गर्दीत खाली कागदाचा कपटा नाही. खाली भुयारात समाधीपुढे मला क्षणभरच वेळ मिळाला. मागायचं ठरवलेलं काही आठवलं नाही. महाप्रसादाला बसलो तेव्हा आठवलं ते एवढंच की हे संत पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचून खाताना. पानातलं एक शित मी टाकलं नाही. शेजारी आजीही ताट बोटाने पुसून घेत होत्या.

परतीला रेल्वे. जे अंतर १३ दिवसांत चाललो ते एका संध्याकाळीत मागे गेलं. मूर्तिजापूर आलं तेव्हा मी खिडकीतून त्या शेतातलं घर शोधत होते. अंधार होता, दिसलं नाही.

दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी रुजू झाले. आता पेशंट पाय मागे ओढतो तेव्हा मी घाई करत नाही, थोडं थांबते. आजींचा फोन आठवड्यातून एकदा येतो. लेकीच्या मोबाइलवरून, मोठ्याने बोलतात. पाडव्याच्या दिवशी आला तेव्हा पहिलाच प्रश्न होता, "नख गेलं का वं माय?"

गेलं, म्हटलं. आज सकाळीच, अंघोळीच्या वेळी. खालून नवं येतंय, पण अंगठ्याचं पूर्ण यायला वर्ष तरी लागतं.

"मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "माघापर्यंत होते." आणि लेकीला फोन देऊन पुरणाला बसल्या.